सहावा मुखवटा

"अहो, मान ताठ ठेवा. इंजेक्शन देतेय का मी?"

काळभुंग्याने मान ताठ केली. त्याची बायको स्टुलावर उभी राहून त्याच्या मुखवट्याची नाडी ओवत होती. मुखवट्याला मागच्या बाजूने चौदा भोकं होती, डावीकडे सात आणि उजवीकडे सात. नाडी मानेपासून वर चढत जायची, टाळूपाशी तिची दुहेरी गाठ बसायची आणि गाठीवर एक कापडी झाकण यायचं. मुखवटा घातलेल्या माणसाला ही गाठ स्वतःच्या हाताने सुटत नसे. ती तशीच बेतलेली होती. बायको शाळेचे गणवेश शिवायची, त्यामुळे ओढाताणीत काय टिकतं आणि काय उसवतं हे तिला पक्कं माहीत होतं.

रिंगमधल्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. कोण कुणाला कुठल्या दोरीवरून फेकणार हेही ठरलेलं असतं. मुखवट्याचा नियम मात्र खराखुरा असतो. प्रेक्षकांनी एकदा चेहरा पाहिला की मुखवटा गेला, आणि मुखवट्याबरोबर नावही गेलं. काळभुंगा बारा वर्षं रिंगमधला सर्वांत दुष्ट पैलवान होता आणि या बारा वर्षांत त्याचा चेहरा एकाही प्रेक्षकाने पाहिला नव्हता. शेजारीपाजारी त्याला गाद्यांचा फिरता विक्रेता समजत. गाद्यांशी त्याचा रोजचा संबंध होता, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

"परवा रविवारी त्या वादळ पैलवानाशी लढत आहे," बायको म्हणाली. "आज तिथे अंगाला काही लावून घेऊ नका."

"लहान मुलांचा सिनेमा आहे गं. स्टेजवर जायचं, 'हूं' म्हणायचं, यायचं. मला काय होणार?"

सिनेमा कार्टूनचा होता. तीन मुलं आणि एक बोका, चौघे मिळून हेरगिरी करतात. कुस्तीच्या मोठ्या स्पर्धेतला सोन्याचा पट्टा चोरीला जातो, रिंगभोवती भूत फिरू लागतं आणि हे चौघे छडा लावतात. त्यात काळभुंग्याचंही चित्र होतं आणि त्या चित्राला आवाज त्याने स्वतः दिला होता. वाक्यं एकूण अकरा, त्यांपैकी सहा 'हूं'. करार करताना त्याने एकच अट घातली होती: सिनेमात कुणाचेही मुखवटे उतरोत, काळभुंग्याचा उतरता कामा नये. चित्रातसुद्धा नाही. निर्मात्यांनी ती आनंदाने मान्य केली. पुढे जे झालं, ते सगळं त्या अटीमुळे झालं.

*

शुक्रवारी सकाळी थिएटरमध्ये एकशे चोवीस मुलं होती. पालकांना खाली कॉफीच्या दुकानात बसवलं होतं. प्रत्येक तिकिटावर एक प्लास्टिकचं भिंग फुकट होतं. भिंगांची कल्पना मॅनेजरची. तो बावन्न किलोचा, अतिशय गोड बोलणारा गृहस्थ होता आणि त्याचं कुणीच ऐकत नसे. पॉपकॉर्नचं यंत्रसुद्धा त्याने बटण दाबलं की बंद पडायचं आणि दारावर तिकिटं फाडणाऱ्या मावशींनी एक चापट मारली की सुरू व्हायचं.

सिनेमाआधी मॅनेजरने पडद्यासमोर उभं राहून हात जोडले. "बालमित्रांनो, स्वागत, स्वागत! इथे सगळं तुमचंच आहे हं. फक्त मागच्या जिन्याकडे कुणी जायचं नाही. तिकडे बघण्यासारखं काहीच नाही."

मग दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला. तो फारच छान होता. दीड तासात एकामागून एक पाच मुखवटे उतरले. पहिल्याखाली पंच निघाला, दुसऱ्याखाली दिवेवाला. चौथा चोर तर धिप्पाड पैलवान वाटत होता, पण पोशाख सोडल्यावर आतून सात उश्या आणि एक काडीपैलवान बाहेर पडला. प्रत्येक वेळी ती तीन मुलं पुढे होत, बोका शेपटी उभी करी आणि मुखवटा ओढताना सगळे एका सुरात म्हणत, "बघू या, आत कोण!" तिसऱ्या मुखवट्यापासून एकशे चोवीस मुलंही म्हणू लागली. शेवटी पट्टा सापडला, काळभुंगा निर्दोष ठरला, "हूं" म्हणाला आणि मुखवट्यासकट सूर्यास्ताकडे चालत गेला.

दिवे लागले. मुलं उठेनात. काहीतरी शिल्लक राहिलंय असं सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होतं.

तेवढ्यात बाजूच्या खोलीतून मॅनेजरचा आवाज आला. माइकची वायर आखूड होती, त्यामुळे त्याला तिथूनच बोलावं लागायचं. "आणि आता, बालमित्रांनो, तुमच्यासमोर, साक्षात, प्रत्यक्ष, काळभुंगा!"

पडद्यामागून एकशे दहा किलोंचा काळभुंगा पिवळा झगा उडवत बाहेर आला. त्याने दोन्ही हात वर केले. अशा वेळी मुलं त्याला हुर्यो करतात, बाटल्या दाखवतात, याची त्याला बारा वर्षांची सवय होती. आज कुणी हूं की चूं केलं नाही. सगळी मुलं त्याच्या डोक्याकडे बघत होती. एकशे चोवीस भिंगं एकेक करून वर झाली.

मधल्या रांगेतून दोन वेण्यांच्या एका मुलीचा शांत आवाज आला.

"ह्याचा राहिलाय."

*

पैलवानाला कोण कुठून येणार हे माहीत असलं तर तो काहीही करू शकतो. सगळे सगळीकडून आले तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. पहिली सहा मुलं त्याच्या पायांना चिकटली. दोन झग्यावर चढली. एक दात पडलेला मुलगा खुर्चीवरून थेट त्याच्या पाठीवर आला आणि झाकणाखाली बोटं घालून म्हणाला, "थापलली! नाली थापलली!"

"बाळांनो, नाही, नाही... हूं! हूं!" काळभुंगा म्हणाला.

त्याला वाटलं असतं तर एका झटक्यात सगळी झटकता आली असती. पण समोरच्याला लागू द्यायचं नाही हा त्याच्या धंद्यातला दुसरा खरा नियम होता आणि इथे समोरचे सरासरी बावीस किलोचे होते. त्याने अत्यंत काळजीपूर्वक एकेक मूल सोडवून खुर्चीत बसवलं. तो तिसऱ्याला बसवेपर्यंत पहिलं परत चिकटलेलं असे. या हिशेबाने काम संपणार नाही हे ध्यानात आल्यावर तो झगा सोडून पळाला.

मुलाने नाडी सोडली नव्हती. दारापाशी ती ताणली गेली, गाठ सुटली, नाडी सरसर चार भोकांतून बाहेर आली आणि तिच्या टोकाची पितळी टोपी टणकन उडाली. मुखवटा आता दहा भोकांवर तगून होता.

दारात मावशी टॉर्च घेऊन उभ्या होत्या. "धावू नका! पायऱ्या ओल्या आहेत!" त्या ओरडल्या.

काळभुंगा डोकं दोन्ही हातांनी धरून त्या ओल्या पायऱ्या चढला आणि वरच्या बोळात जे पहिलं दार दिसलं त्यात शिरला. ती सामानाची कोठी होती. आत पॉपकॉर्नच्या मक्याची पोती, जुन्या खुर्च्या आणि एका उलट्या बादलीवर बसलेला मॅनेजर होता.

"तुम्ही इथे काय करताय?" काळभुंग्याने विचारलं.

"मी नेहमी इथेच बसतो," मॅनेजर म्हणाला. "कार्यक्रम संपेपर्यंत. कार्यक्रम कसा झाला?"

दारावर धडाधड थापा पडू लागल्या. काळभुंग्याने कडी लावून पाठ टेकवली.

"अहो, तुम्ही एवढे पैलवान," मॅनेजर कुजबुजला. "लोकांना उचलून आपटता ना?"

"ठरवून आपटतो. समोरच्याला आधी सांगितलेलं असतं."

"मग पोरांना सांगा की आधी!"

"त्या मागच्या दारापलीकडे काय आहे?"

"मागचा जिना."

काळभुंग्याने मागचं दार बोटभर उघडलं. जिन्याच्या तळाशी तीस-चाळीस मुलं भिंगं रोखून बसली होती. एक जण वर बघून ओरडला, "इकडेच येणार तो! मॅनेजरकाका म्हणाले होते ना, इकडे बघण्यासारखं काही नाही!"

आगीतून निघून फुफाट्यात पडायलाही वाट नव्हती. काळभुंग्याने दार लावलं, चड्डीच्या पट्ट्यात खोचलेला फोन काढला आणि बायकोला लावला. ती थिएटरबाहेर गाडीत बसून एका गणवेशाची बटणं लावत होती.

"मुखवटा निघतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच कापत होता. "बारा वर्षं गं. परवाची लढत पण गेली. आणि कुणाच्या हातून, तर ज्याचे पुढचे दोन दात नाहीत त्याच्या."

"किती भोकं राहिलीत?"

"दहा."

"मग रडताय काय? आले. सुईदोरा आणते."

*

बायको मागच्या जिन्यापाशी आली तेव्हा मुलांनी तिला अडवलं.

"तुम्ही कोण?"

"मी शिवणवाली. वर काहीतरी उसवलंय म्हणून बोलावलंय."

मुलांनी आपसांत विचार केला. "तुम्ही सुरुवातीला होता?"

"कशाच्या?"

"म्हणजे नव्हता. मग तुम्ही नाही. मुखवट्याखाली नेहमी सुरुवातीला दिसलेलंच माणूस असतं. जा काकू."

ती वर आली तेव्हा पुढच्या दाराबाहेर वेण्यावाल्या मुलीने सभा भरवली होती. दार पातळ होतं. आतल्या तिघांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"एक," ती मुलगी म्हणाली. "तो आपण आधी बघितलेला माणूस असणार. आज आपण मोठी माणसं किती बघितली?"

"तिकीटवाल्या मावशी आणि मॅनेजरकाका."

"मावशी दारात होत्या, तो पळाला तेव्हा. दोन. 'तिकडे जाऊ नका' असं कोण म्हणालं?"

"मॅनेजरकाका!"

"तीन. काळभुंगा स्टेजवर आला तेव्हा मॅनेजरकाका कुणाला दिसले?"

"नुतता आवाद आला," दात पडलेला म्हणाला.

"पण काका किती बारीक आहेत!" एका मुलाने शंका काढली.

"चौथा चोर किती बारीक होता?" मुलीने विचारलं. "आणि सगळ्यात गोड कोण बोलत होतं?"

बाहेर एकदम कुजबुज वाढली. आत मॅनेजर बादलीवरून उठला.

"हे... हे माझ्याबद्दल चाललंय?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आजवर त्याच्याबद्दल कुणी इतका वेळ बोललं नव्हतं.

बायकोने नवऱ्याला पोत्यावर बसवून मान वाकवली. "टोपी तुटलीय नाडीची. डोक्यावर असताना ओवता यायची नाही. काढावा लागेल."

"इथे? बाहेर पब्लिक आहे!"

"पब्लिक दुसरी-तिसरीतलं आहे. आणि ते दार दोन मिनिटं टिकेल, माझ्या हिशेबाने. काढू?"

काळभुंग्याने डोळे मिटून मान हलवली. बायकोने उरलेली दहा भोकं मोकळी केली आणि मुखवटा उतरवला. आत एक चाळिशीचा, घामेजलेला, जरासा टक्कल पडलेला, सौम्य माणूस होता. मॅनेजरने त्याच्याकडे पाहिलं आणि न राहवून म्हणाला, "अरे! म्हणजे तुम्ही चारचौघांसारखेच आहात."

"हा शर्ट घाला, पँट चढवा," बायको पिशवी त्याच्या अंगावर टाकत म्हणाली. "हे आटपलं की तुम्ही खाली जाऊन गाडीत बसा. मॅनेजरसाहेब, हा जरा धरा असा. दोन्ही हातांनी. ताणून."

मॅनेजरने मुखवटा दोन्ही हातांनी ताणून धरला. तिने नाडीच्या टोकाला दोरा गुंडाळून कडक केला आणि पहिलं भोक ओवलं. शर्टाची बटणं लागली, पँटचा पट्टा आवळला गेला, आणि कडी तुटली. दार उघडलं.

पुढच्या मुलांना कोठीत तीन माणसं दिसली. एक शिवणवाली काकू. पोत्यापाशी उभा कुणीतरी काका. आणि मधोमध मॅनेजर, हातात काळभुंग्याचा मुखवटा.

"सापडला!" एकशे चोवीस मुलं म्हणाली.

"मी नाही," मॅनेजर म्हणाला.

"पाचही जण आधी असंच म्हणाले होते," वेण्यावाली म्हणाली.

"अगं खरंच मी नाही! हा, हा इथे, हे..." त्याने वळून पोत्याकडे बोट केलं. तेवढ्यात मावशी गर्दीतून वाट काढत आत आल्या. पोत्यापाशी एक आडदांड माणूस रिकामा उभा आहे एवढंच त्यांनी पाहिलं.

"नवीन लागलायस का रे? बघत काय बसलायस? ते पोतं उचल आणि खाली यंत्रापाशी ने. दुपारचा खेळ आहे."

काळभुंग्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने भुवईने पोत्याकडे खूण केली. त्याने पन्नास किलोंचं पोतं खांद्यावर घेतलं आणि एकशे चोवीस हेरांच्या मधून, उघड्या चेहऱ्याने, तो चालू लागला. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्याला आपल्या गालांवर वारा लागलेला जाणवला.

"काका, जरा सांभाळून," दारातल्या मुलाने त्याला भिंगाने बाजूला सारलं. "पुराव्यावर पाय द्याल. तुम्ही सुरुवातीला नव्हता ना? मग जा."

*

कोठीत मॅनेजरची बाजू लंगडी पडत चालली होती, आणि त्याच्या हातातल्या मुखवट्याची उरलेली भोकं बायको शांतपणे ओवत होती. त्याने काळभुंग्याचं वजन सांगितलं, स्वतःचं सांगितलं, दोन्हींची वजाबाकी करून दाखवली. मुलांनी त्याला अठ्ठावन्न किलोंच्या उश्या म्हणजे किती उश्या, ते करून दाखवलं.

"मुखवटा घालून बघा ना काका," कुणीतरी सुचवलं. "बसला तर तुम्हीच."

"हो, हो, चालेल!" मॅनेजरला आशा वाटली. "माझ्या डोक्याला तो बसणारच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्याने मुखवटा चढवला. तो खरोखरच मोठा होता. नाकाच्या जागी कपाळ आलं. पण मागे शिवणवाली काकू उभी होती, तिच्या हातात नाडी होती आणि नवरा अजून जिन्यावर होता. चौदा भोकांची नाडी ओढली की मुखवटा कुणालाही बसतो. ती असतेच त्यासाठी. बायकोने चार झटके दिले, दुहेरी गाठ मारली, झाकण लावलं आणि म्हणाली, "अगदी मापात आहे बाई."

दात पडलेला मुलगा पुढे आला. त्याने मान मागे टाकून वर बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आदर होता की मॅनेजरने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोण उभं आहे ते.

"काका," तो म्हणाला, "तुमी एवदे बालीक अतून एवदे दोलात आपतता?"

मॅनेजरने 'मी नाही' म्हणायला तोंड उघडलं. मुखवट्याला तोंडापाशी फट बारीक होती. तिच्यातून एकच आवाज बाहेर आला.

"हूं."

टाळ्यांनी कोठी दणाणली.

खाली यंत्रापाशी पोतं रिकामं करताना काळभुंग्याने वर पाहिलं. जिन्यावरून काळभुंगा येत होता. सुटाबुटातला, बावन्न किलोचा, दोन्ही हात वर केलेला. मागेपुढे मुलं नाचत होती. कॉफीच्या दुकानातले पालक उभे राहून फोटो काढत होते. बाजूने त्याची बायको सुईदोऱ्याचा डबा घेऊन, काहीच झालं नसल्यासारखी, उतरत होती.

वेण्यावाली मुलगी यंत्रापाशी थांबली. तिला एक मोठा पॉपकॉर्न हवा होता.

"कोण होता मग?" काळभुंग्याने पुडा भरत विचारलं.

"ते सांगता येत नाही. शपथ घेतलीय सगळ्यांनी." तिने इकडेतिकडे पाहिलं. "मॅनेजरकाका."

"अरे बाप रे. वाईट माणूस म्हणायचा."

"नाही हो काका, तुम्ही सिनेमा नाही बघितला का? चोर दुसराच होता. तो नुसता वाईट दिसतो. आम्ही त्याच्या अंगावर चढलो ना, तर त्याने सगळ्यांना नीट खुर्चीत बसवलं. एकालापण लागलं नाही." तिने पुडा घेतला. "वाईट माणसाला एवढा धीर नसतो."

काळभुंग्याने तिला आणखी एक पुडा भरून दिला, आणि यंत्राकडे तोंड करून बराच वेळ त्याची काच पुसत बसला.

*

एकशे चोवीस मुलांनी शपथ घेतली होती, त्यामुळे बातमी सर्वांना कळायला संध्याकाळ व्हावी लागली. सात वाजता कुस्त्यांच्या आयोजकाचा फोन आला.

"मुखवटा उतरला म्हणतात. खरं का?"

"खरं."

"पब्लिकसमोर?"

"शंभराच्या वर."

आयोजकाने दीर्घ श्वास घेतला. "बारा वर्षं, भल्या माणसा! नियम तुला माहीत आहे. आत कोण निघालं?"

"थेटरचा मॅनेजर."

नियमांचं पुस्तक आयोजकाला तोंडपाठ होतं, पण असं कलम त्यात कुठे नव्हतं.

"मग तुझं काय गेलं?" तो शेवटी म्हणाला. "रविवारी वेळेवर ये."

रविवारी खुर्च्या पुरल्या नाहीत. थिएटरच्या मॅनेजरला मात्र लढत बघता आली नाही. काळभुंगा रिंगमध्ये असताना आपण कुठे दिसता कामा नये, हे त्याचं त्यालाच उमगलं होतं. तो पडदे ओढून घरात बसला होता, आणि शेजारच्या मुलांनी दारातून हळूच विचारलं तेव्हा त्याच्या बायकोने, त्याने पढवल्याप्रमाणे, "ते कामावर गेलेत," एवढंच सांगितलं. मग आत येऊन तिने त्याच्या ताटात एक वाढीव वाढणी टाकली. काळभुंगा शोभायला त्याने जरा अंग धरावं, असं तिचं मत झालं होतं.

रिंगमध्ये दिवे पेटले. काळभुंगा दोऱ्यांवरून आत उडी घेऊन आला आणि हुर्योसाठी त्याने दोन्ही हात वर केले. उजवीकडच्या गॅलरीतून, जिथे लहान मुलं बसतात, एक आरोळी उठली. ती पसरत गेली. थोड्याच वेळात सगळं स्टेडियम पाय आपटून एका ठेक्यात ओरडत होतं.

"मॅ-ने-जर-का-का! मॅ-ने-जर-का-का!"

वादळाने ठरल्याप्रमाणे त्याची मान बगलेत धरली आणि ठरलेलं नसताना त्याच्या कानाशी पुटपुटला, "अरे, हे काय चाललंय? कोण मॅनेजरकाका?"

"मी."

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून. आता विचारत बसू नकोस. उचल आणि फेक मला. पोरं वाट बघतायत."

वादळाने त्याला उचलून फेकलं. तो इतका उंच आणि इतक्या खुशीत उडाला की पंचाला वाटलं, हे यांनी आधी ठरवलेलं नव्हतं.